बंदूक कुठली घेऊ?

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात, अँकरेज शहरात राहायला आलेला प्रत्येक नवखा पहिल्या उन्हाळ्यात हाच प्रश्न विचारतो. मीही विचारला. अस्वलासाठी बंदूक कुठली घेऊ? मग पारावर उसाच्या बेण्यावरून वाद रंगावा तसा इथे वाद रंगतो. एक म्हणतो .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर. दुसरा त्याला जुनाट ठरवतो. १० मिलिमीटरचं ग्लॉक घे म्हणतो, त्यात १५ गोळ्या बसतात. म्हातारे मासेमार १२ बोअरच्या पंप शॉटगनवरून हलायला तयार नसतात, आणि काडतूसही छऱ्याचं नाही, एकच जाड शिशाची गोळी असलेलं. त्याला इथे स्लग म्हणतात.

मी म्हाताऱ्यांचं ऐकलं. ग्रीन कार्ड होतंच. फॉर्म भरला, दुकानदाराने नाव तपासून घेतलं, आणि दुपारच्या जेवणाआधी बंदूक गाडीत होती. परवाना नाही, पोलीस ठाणं नाही. अलास्कात २००३ पासून पिस्तूल लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही. हे गावी फोनवर सांगितलं तेव्हा चुलतभाऊ जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तुझ्या खांद्याला बंदूक, अन् आमच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा."

आमचं गाव शिरूर तालुक्यात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने लेकरं नेली, एक म्हातारी नेली. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बिबट्याने मान धरू नये म्हणून बायका खरंच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. भावकीच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच मागणी आहे: शेतकऱ्याला बंदूक द्या. आणि उदाहरण माझं देतात.

म्हणून माझा अनुभव सांगतो. तपकिरी अस्वल ताशी ५० किलोमीटरने धावतं, म्हणजे सेकंदाला १४ मीटर. सामन माशांच्या ओढ्याकाठी झुडपं इतकी दाट की अस्वल दिसतं तेच ३० मीटरवर. हातात दोन सेकंद. नेमबाजीच्या मैदानावर, समोर नुसता पुठ्ठा असताना, खांद्यावरची बंदूक काढून पहिला बार उडवायला मला चार सेकंद लागले होते.

टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी अलास्कात माणसाकडे बंदूक असताना अस्वलाशी गाठ पडल्याच्या २६९ घटना तपासल्या. बंदूक चालवणाऱ्यांची आणि जवळ असून न चालवणाऱ्यांची गत फारशी वेगळी निघाली नाही. त्याआधी, २००८ मध्ये, त्यांनीच बेअर स्प्रेचा हिशेब मांडला होता: मिरचीच्या त्या फवाऱ्याने ९२ टक्के वेळा तपकिरी अस्वल थांबलं. आता माझी शॉटगन कपाटात असते आणि फवाऱ्याचा डबा कमरेला.

बरं, अस्वल मारलं की सुटलो असंही नाही. कातडं नखांसकट सोलायचं, कवटी काढायची, दोन्ही सरकारजमा करायची, १५ दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. कचरा उघडा टाकून अस्वल तुम्हीच बोलावलं असेल, तर स्वसंरक्षणाची सबब चालत नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, आणि मेलेलं जनावर सरकारचंच. भावाला हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर हसला. कायद्यात आहे ते फॉरेस्टवाल्यांपुढे सिद्ध कोण करणार, हा त्याचा प्रश्न, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे मला सरकारी माणसाची भीती वाटत नाही. खरा फरक तिथे आहे, बंदुकीत नाही.

शिवाय बिबट्या अस्वलासारखा समोरून येत नाही. तो मागून येतो, खाली वाकलेल्यावर, बसलेल्यावर, लहान पोरावर. खुरपणाऱ्या बाईच्या बांधावर टेकवलेली बंदूक काय करणार? रात्री उसात घाबरून छरे झाडले आणि बिबट्या जखमी होऊन आत शिरला, तर सकाळी त्या फडात कोण उतरणार? कोकणात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका आहेत. निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि वानर-डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

अँकरेजमध्ये अस्वलाला खरं दूर ठेवतो तो कचऱ्याचा नियम. डबा आदल्या रात्री बाहेर ठेवायचा नाही, गाडी येईल त्या दिवशी सकाळीच. शेजाऱ्याच्या खुराड्यावर काळं अस्वल दोनदा आलं. त्याने विजेच्या तारेचं कुंपण घातलं, तिसऱ्यांदा ते नाकाला झटका बसून पळालं. घरात तीन रायफली असलेला माणूस तो! आमच्या गावात चिकनच्या दुकानांची घाण ओढ्याकडेला पडते, तिच्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या. ग्रुपवर हे लिहिलं तर "अमेरिकेत बसून अक्कल शिकवतो" म्हणून बोलणी खाल्ली. तीही रास्तच. रात्री उसाला पाणी धरायला मला जावं लागत नाही.

परवा भाऊ म्हणाला, बंदूक राहू दे, तो मिरचीचा फवारा तरी येताना घेऊन ये. विमानात तो नेता येत नाही, चेक-इनच्या बॅगेतही नाही, हे सांगेपर्यंत त्याला घाई झाली होती. या आठवड्यात त्यांच्या मोटारीला लाईट रात्रीची आहे.