शहराचे हवामान मोजावे कसे?

शहरात हवामान संवेदकांचे जाळे उभारायचे काम आपल्याकडे आले असल्यास आधी उद्घाटनाची तारीख ठरवावी. यंत्रे कशासाठी हवीत, हे नंतर सावकाश पाहता येते.

तापमापक गच्चीवर, एसीच्या गरम झोताच्या वाटेत बसवावा. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची, झडपांची पांढरी पेटी, मोकळी जागा हे सोपस्कार जुन्या वळणाच्या माणसांचे. 29 मे 2024 रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 अंश तापमान दाखवले. तो संवेदक तीन अंश जास्त दाखवतो, हे हवामान विभागाने सांगेपर्यंत बातमी देशभर फिरूनही आली होती.

प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून पडताळणी करण्याचा खर्च निविदेत धरू नये.

आणि आलेला आकडा कधीही तपासू नये. गेल्या महिन्यात रात्री दोन तास पाऊस कोसळला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेइतके पाणी शिरले आणि माझी स्कूटर बुडाली. विम्यासाठी पावसाची नोंद हवी होती, म्हणून जवळच्या केंद्राची पाहिली, तर 0.0 मिमी, तीही दशांशचिन्हासह! प्रत्यक्ष गच्चीवर चढून पाहिले, तेव्हा पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात कबुतराने काड्यांचा संसार थाटला होता आणि खालच्या, भरले की उलटून पाऊस मोजणाऱ्या पात्रापर्यंत थेंबही पोचत नव्हता. दीड किलोमीटरवरच्या दोन्ही केंद्रांनी त्याच दोन तासांत मुसळधार पाऊस नोंदवला होता, हे मी केंद्रांचे जाळे सांभाळणाऱ्या साहेबांना दाखवले. ते म्हणाले, ‘‘पाऊस ठिकठिकाणी वेगळा पडतो. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिमी पडला आणि कुलाब्याला 74च, वाचलं नाहीत का?’’

वाचले आहे, साहेब. त्या दोन ठिकाणांमध्ये वीस किलोमीटरांहून अधिक अंतर आहे आणि कुलाब्याच्या नरसाळ्यात घरटे नव्हते. एकाच शहरात इतका फरक पडतो, म्हणून तर जागोजागी पर्जन्यमापक बसवले. तो फरक आता तुमच्या आळसाची ढाल झाला आहे. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडे धो धो पाऊस आणि मध्येच शून्य आले, तर त्या नोंदीपुढे ‘संशयास्पद’ असा शेरा पडावा, एवढी अट संगणकाला घालायला कोणती अक्कल लागते? यंत्र बंद असेल तर रकाना रिकामा ठेवा, त्यात शून्य भरू नका. मूळ आकडे मागितले की स्कॅन केलेल्या कागदांचा गठ्ठा पाठवणे बंद करा. त्या रात्रीची नोंद दुरुस्त करून मला लेखी द्या आणि ते नरसाळे साफ करा. शिडी नसेल तर आमच्या सोसायटीची घेऊन जा.