एका उसाची साखर दोनदा विकता येत नाही, दाजी

मागच्या रविवारी पंढरपुरात भाचीचा साखरपुडा होता. पंगत उठायच्या आत थोरल्या दाजींनी मोबाइल काढला आणि चार पावण्यांपुढं मोठ्यानं वाचलं: "एक टन ऊस म्हणजे १२० किलो साखर, ८० लिटर इथेनॉल, १५० युनिट वीज, वर खत. कारखान्याला १४ हजार, शेतकऱ्याला ३ हजार. जागे व्हा!" खाली आणखी चार मुद्दे आणि "प्रत्येक ऊस उत्पादकापर्यंत पोहोचवा" ही नेहमीची शेपटी.

हा मेसेज मला आधी तीन ग्रुपवर आला होता. सोडून दिला. पण दाजींचा करकंबजवळ साडेतीन एकर ऊस आहे, आणि यातलंच वाचून त्यांनी रानात सोडायला मळीच्या पाण्याचा टँकर सांगून ठेवलाय, हे ताईनं जाताजाता कानावर घातलं. म्हणून लिहितोय.

मी बारा हंगाम एका कारखान्याच्या लॅबमध्ये काढले, आता तिथं नाही. तरी दाजींचं उत्तर तयारच होतं, "मेव्हणं, तुम्ही बी त्यातलंच की." असेन. पण रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजणाऱ्या काचेला मी कुणाचा मेव्हणा हे ठाऊक नसतं.

चौदा हजारांपासून सुरू करू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. उसात सत्तर टक्के पाणीच असतं. साखर बारा ते चौदा टक्के, बाकी बहुतेक चोथा. म्हणजे टनात साखर फार तर १४० किलो. त्यातली काही भुस्स्यात, म्हणजे पिळलेल्या चोथ्यात, आणि प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून राहिलेल्या गाळात जाते, काही मळीत, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात अडकते. पोत्यात येते तो उतारा. सोलापूरचा उतारा कोल्हापूरच्या मागेच असतो, आपण दहा टक्के धरू, म्हणजे १०० किलो.

आता इथेनॉल. ते हवेतून येत नाही, साखर आंबवूनच येतं. एक किलो साखरेपासून कारखान्यात साधारण ०.६ लिटर मिळतं. ८० लिटरला १३३ किलो साखर आंबवावी लागेल. त्याच टनातून पुन्हा १२० किलो पोत्यात भरायची! बेरीज २५३ किलो. पंचवीस टक्के साखरेचा ऊस, ८६०३२ जातीचा लावा नाहीतर २६५ चा लावा, कुणाच्या रानात येत नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्रालाही तो जमलेला नाही. मेसेज करणाऱ्यानं एकच साखर एकदा पोत्यात भरली आणि एकदा टाकीत ओतली. गाईचं दूधही विकायचं आणि त्याच दुधाचं लोणीही विकायचं, तसला हिशेब.

खरं काय होतं? कारखान्यापुढं तीन वाटा असतात. साखर पुरती काढून घेतली की शेवटची सी-हेवी मळी उरते, टनामागे ४०-४५ किलो, तिचं इथेनॉल दहा-अकरा लिटर. एक पायरी आधीच थांबलं की बी-हेवी मळी, तिचं वीसेक लिटर, पण साखर उसाच्या दीड टक्क्यानं, म्हणजे टनाला १५ किलोनं घटते. आणि सगळा रसच डिस्टिलरीला दिला तर सत्तर लिटरच्या आसपास, मात्र साखर शून्य. साखर ३८ रुपये किलोनं धरा आणि इथेनॉलचे २०२४-२५ चे सरकारी दर लावा: सी-हेवीला ५७.९७, बी-हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१ रुपये लिटर. पहिल्या वाटेनं टनाला ४,४०० च्या जवळ, दुसरीनं जरासे जास्त, तिसरीनं ४,६०० च्या आत. विकायला ८० युनिट वीज उरली आणि साडेपाच रुपयांनी गेली तर आणखी ४४०. प्रेसमडचे किरकोळ. ओढूनताणून पाच हजार. चौदा नव्हे.

एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव, २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये होती. दहा टक्क्यांना साडेतीन हजाराच्या थोडी खाली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणून हातात अडीच हजाराच्या पुढंमागंच दिसतात आणि डोकं फिरतं. फिरायलाच पाहिजे, पण त्याला चौदा हजारांचा आकडा कशाला लागतो?

इथं मेसेजच्या बाजूनं एक गोष्ट मला मान्य करावी लागते, आणि ती मी नाखुशीनंच करतोय. रंगराजन समितीनं ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात सांगितलं होतं की साखर आणि पहिल्या टप्प्यातले उपपदार्थ, म्हणजे भुस्सा, मळी, प्रेसमड, यांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेचे ७५ टक्के शेतकऱ्याला द्या. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये त्याचा कायदा केला. यात मेख 'पहिल्या टप्प्यातले' या शब्दांत आहे. मळी हिशेबात मळीच्या भावानं येते, इथेनॉलच्या नाही. भुस्सा भुस्स्याच्या भावानं, विजेच्या नाही. त्यापुढचा नफा डिस्टिलरीकडं आणि को-जनकडं, म्हणजे भुस्स्यावरच्या वीज प्रकल्पाकडं राहतो. तो वाटणीत यावा ही मागणी रास्त आहे. पण ती पाच हजारांच्या आकड्यावर उभी राहून करायची. चौदा हजारांचा कागद घेऊन कारखान्याच्या ऊस टाकायच्या गव्हाणीत उड्या मारल्या तर चेअरमन चहा पाजून परत पाठवतो.

बाकीचे मुद्दे फार वेळ घेणार नाहीत. "साखरेतला कस इथेनॉलला काढून घेतात, म्हणून हल्लीची साखर गोड लागत नाही." पांढरी साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोज असते, त्यातून काढायला काही उरतच नाही. चहात चमचा कमी पडत असेल.

"वीज फुकटच्या भुस्स्याची." टनातून २८० ते ३०० किलो भुस्सा निघतो, निम्मा ओला. चांगला बॉयलर असेल तर त्यावर टनामागे शंभर-सव्वाशे युनिट होतात, तीसेक कारखानाच खातो. बॉयलर-टर्बाइन फुकट येत नाहीत. सोलापूर शहरात को-जन हा शब्द घराघरात गेला तो विजेमुळं नाहीच, सिद्धेश्वर कारखान्याची को-जनची चिमणी विमानतळापायी १५ जून २०२३ ला पाडली तेव्हा.

"इथेनॉल म्हणजे दारू, कारखान्यांना साखर नकोच आहे." मळीच्या स्पिरिटपासून देशी दारू होते हे खरं. पेट्रोलमध्ये जातं ते पाणी काढलेलं, वर पिता येऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलेलं असतं. आणि कारखान्यांच्या मनावर किती चालतं? ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं एका आदेशात रसाचं इथेनॉल थांबवलं. बंधनं उठली ती पुढच्या हंगामासाठी, ऑगस्ट २०२४ मध्ये.

आता टँकर. मेसेज म्हणतो, "मळीचं पाणी म्हणजे काळं सोनं, थेट सोडा, युरिया बंद करा." एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे हेच मळीचं पाणी, निघतो. घरगुती गटारीच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, कच्च्या स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार. वर आंबट आणि खारट. त्यात पालाश भरपूर असतं, एवढाच त्या सोन्यातला कण. म्हणूनच तो प्रेसमडवर मुरवून कंपोस्ट करतात, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळतात. असलं पाणी फुकट घरपोच कुणी देत असेल तर ते तुमच्यावरचं प्रेम नसतं, त्याचं विल्हेवाटीचं काम तुमच्या रानात होतं. आमच्या गावाकडं ओढ्याकाठच्या एका विहिरीचं पाणी असंच चहासारखं झालं. दोन पावसाळे जनावरांनी तोंड लावलं नाही.

दाजी, विचारायचंच असेल तर हे विचारा. बाहेरच्या काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन आणि कारखान्याच्या काट्याचं वजन यात फरक किती? बी-हेवीमुळं घटलेला उतारा हिशेबात परत धरून एफआरपी काढली का, आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं त्याचं प्रमाणपत्र कुठंय? चौदा दिवसांत बिल नाही आलं तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातलं १५ टक्के व्याज का नाही लावलं?

हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हूं-हूं केलं, आणि रात्री मला परत तोच मेसेज पाठवला, खाली लिहून, "मग ह्यातलं वीज तरी बरोबर हाय ना?" टँकरवाल्याला मात्र नको म्हणून सांगितलंय, असं ताई म्हणाली.