स्टॅटिनमुळे अल्झायमर होतो, या दाव्याचा प्रतिवाद

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्यांमुळे मेंदू उपाशी पडतो, स्मरणशक्ती जाते आणि पुढे अल्झायमर होतो. अमेरिकेच्या औषध नियामकानेही हे मान्य केले आहे आणि गोळी थांबवताच रुग्णांची स्मृती परतल्याचे संशोधनात दिसले आहे, असा संदेश सर्वत्र फिरतो आहे. त्यातील प्रत्येक विधानाला सत्याचा एखादा कण चिकटलेला आहे आणि पंचाईत तीच आहे.

शरीराच्या वजनाच्या अवघ्या 2 टक्के असलेल्या मेंदूत शरीरातील सुमारे पाव हिस्सा कोलेस्टेरॉल असते, हे खरेच आहे. परंतु ते रक्तातून आलेले नसते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा ओलांडत नाहीत. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. त्यामुळे रक्ततपासणीच्या कागदावर आकडा खाली आला, एवढ्यावरून मेंदूतला साठा घटला असे म्हणता येत नाही. सिम्वास्टॅटिनसारखी काही औषधे मेंदूत पोहोचू शकतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर तर्काने नव्हे, चाचणीनेच द्यावे लागते आणि ते दिलेही गेले आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त 20,536 जणांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन आणि निम्म्यांना औषधहीन गोळी सरासरी 5 वर्षे देण्यात आली. अखेरीस घेतलेल्या आकलन-स्मृतीच्या चाचणीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

अमेरिकी नियामकाने फेब्रुवारी 2012 मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात विस्मरण आणि गोंधळलेपणाच्या तक्रारींची नोंद घातली, हेही खरे. मात्र या तक्रारी सहसा गंभीर नसतात आणि औषध थांबवल्यावर ओसरतात, हे त्याच सूचनेतले शब्द संदेशातून गळाले आहेत. शिवाय तक्रार नोंदली जाणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधणारा माणूस काल वयाला बोल लावत होता. माहितीपत्रक वाचल्यावर आज तो गोळीला लावतो. 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या 30 दिवसांत विस्मरणाच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या खऱ्या, पण स्टॅटिन नसलेली कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांतही त्या तशाच वाढलेल्या होत्या.

गोळी थांबवल्यावर स्मृती परतल्याचा आधार म्हणून सांगितला जाणारा 2012 चा प्रयोग अवघ्या 18 जणांवरचा आहे. सहा आठवडे स्टॅटिन बंद ठेवल्यावर 30 गुणांच्या चाचणीत सरासरी सुमारे 2 गुण वाढले आणि पुन्हा सुरू केल्यावर तितकेच घटले. दखल घ्यावी असाच हा निष्कर्ष आहे. परंतु तुलनेला औषधहीन गोळीचा गट नव्हता आणि गोळी केव्हा चालू, केव्हा बंद, हे लपवलेले नव्हते. याउलट अल्झायमरच्याच 406 रुग्णांवर 18 महिने चाललेल्या सिम्वास्टॅटिनच्या चाचणीत कोलेस्टेरॉल ठळकपणे उतरले, स्मृतीची घसरण मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली.

हाच निकाल उलट्या दाव्यालाही लागू पडतो. स्टॅटिन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश बराच कमी आढळतो अशी निरीक्षणे 2000 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा या गोळ्या अल्झायमरवरचे औषध ठरतील अशी आशा निर्माण झाली होती. झालेल्या आजारावर तरी ती फोल ठरली.

गोळी सुरू केल्यावर एखाद्याला खरोखरच विसरायला होऊ लागले, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती काही आठवडे थांबवून किंवा बदलून पाहता येते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने संदेश वाचून ती परस्पर बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे.