तीन लहान, एक लांब

मला स्काउट मास्तर करण्यामागे माझी गुणवत्ता वगैरे काही नव्हती. मुख्याध्यापकांनी सभेत विचारलं, "प्रशिक्षणाला कोण जाते?" तेव्हा सगळा स्टाफ आपापल्या चपलांकडे पाहायला लागला. मी नेमका वर पंख्याकडे पाहत होतो, कारण तो कुईकुई करत होता. वर पाहणारा माणूस उत्साही समजतात, हे मला माहीत नव्हतं.

सात दिवसांचा बेसिक कोर्स झाला. वय चव्वेचाळीस, गुडघ्यांचं वय त्याहून जास्त. तिथे आम्ही मास्तर लोकच स्काउट. आठ-आठ जणांचे संघ पाडले, प्रत्येक संघाला प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव, आणि त्याचा आवाज काढायचा. आमचा संघ मोर. आठ पोट सुटलेले गृहस्थ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दिवसातून दहा वेळा केकाटायचे. त्यातल्या एकाच्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न होतं. व्याही पाहायला नव्हते म्हणून बरं.

पण खरं सांगतो, परत आलो तो भारावून. दोनशे पानी वही भरली होती. लॉर्ड बेडन-पॉवेलनं १९०७ साली ब्राउन्सी बेटावर वीसेक पोरांचं शिबिर घेतलं, त्यातून एवढा पसारा उभा राहिला. मग दारव्ह्याच्या पुढच्या आमच्या गावात चोवीस पोट्टे घेऊन मला काय अशक्य होतं? जे करायचं ते पुस्तकाप्रमाणे, पद्धतीनं. सव्वीस जानेवारीपुरते गळ्यात रुमाल बांधायचे आणि सत्तावीसला त्यांनीच फळा पुसायचा, हे माझ्या पथकात चालणार नव्हतं.

पहिली अडचण त्या रुमालाचीच आली. स्काउटचा स्कार्फ त्रिकोणी असतो, त्याचा रंग पथकानं ठरवायचा. काही रंग पुस्तकानं राखून ठेवलेले आहेत. उरलेले गावानं राखून ठेवलेले होते. हा घेतला तर त्या पक्षाचा, तो घेतला तर या मोहल्ल्याचा, तिसऱ्यावर खालच्या आळीचं मंडळ हक्क सांगणार. पालकसभा दोन तास चालली. शेवटी चॉकलेटी ठरला, कारण त्या रंगाचा पक्ष आमच्या तालुक्यात अजून निघालेला नाही. गणवेश घालून, गळ्यात चॉकलेटी स्कार्फ, डोक्यावर बेरे टोपी असा मी पहिल्यांदा घराबाहेर निघालो, तेव्हा बायकोनं नखशिखांत पाहून विचारलं, "लग्न कोणाकडं हाय जी? नाही म्हणजे, बँडवाले जेवूनच येतात न, भाजी टाकू का नको?"

मग डावा हात. स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. हृदय डावीकडे असतं म्हणून, असं प्रशिक्षणात सांगतात. पोरांनी हे फार मनावर घेतलं. पंधरा ऑगस्टला सरपंच झेंडावंदनाला आले, त्यांनी कौतुकानं हात पुढे केला, आणि ओळीनं चोवीस पोरांनी त्यांना डावा हात दिला. आमच्याकडे डाव्या हातानं सुपारीसुद्धा कोणी घेत नाही. मी हृदयाची बाजू समजावून सांगितली. सरपंच म्हणाले, "हृदय ठीक हाय मास्तर, पण बाकीचा इतिहास मालूम हाय न त्या हाताचा?" त्यानंतर महिनाभर शाळेचा बोअर दुरुस्त झाला नाही.

इतिहासावरून आठवलं. शिट्टी. शिट्टीचे इशारे ठरलेले आहेत. एक लांब शिट्टी म्हणजे गप्प, सावध. लांब-लांब शिट्ट्या म्हणजे पांगा. लहान-लहान म्हणजे जवळ या. लहान-लांब आलटून पालटून म्हणजे धोका. आणि तीन लहान, एक लांब म्हणजे संघनायकांनी ताबडतोब मास्तरांकडे यावं. पहाटे साडेपाचला बी. पी. सिक्स, म्हणजे बेडन-पॉवेलचे सहा व्यायाम घ्यायचे ठरवलं. शाळेचं मैदान गावाच्या कडेला, त्याच्या पलीकडे नाला, नाल्याच्या काठानं बेशरमीची झुडपं. अंधार होता. मी छाती भरून वाजवलं, तीन लहान, एक लांब.

संघनायक एकही आला नाही. बेशरमीतून मात्र सात माणसं एकदम उभी राहिली.

हातात टमरेल, डोक्यावरून दुपट्टा. पंचायत समितीचं गुडमॉर्निंग पथक आलं, असं त्यांना वाटलं. ते पथकही पहाटे शिट्ट्या वाजवतच यायचं आणि दंडाची पावती फाडायचं. त्यातले एक काका तर हात जोडून सरळ माझ्याकडेच आले, "साहेब, येवढ्या टायमाले माफ करा, घरचं सौचालय हाय, पण त्याच्यात कुटार भरलं हाय." मी म्हटलं, काका, मी मास्तर. त्यांनी जवळ येऊन टोपी पाहिली, स्कार्फ पाहिला, आणि माझ्याबद्दल जे बोलले ते स्काउटच्या नऊ नियमांपैकी किमान चार नियमांत बसत नाही. पांगण्याचा इशारा मला वाजवावाच लागला नाही.

गाठींच्या बाबतीत मात्र माझी तयारी पक्की होती. क्लोव्ह हिच, म्हणजे खुंटा गाठ, मी बुटाच्या नाडीवर आणि पलंगाच्या पायावर आठवडाभर घोटली होती. वर्गात एक बांबू रोवला, सुती दोर घेतला, आणि पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे सावकाश बोललो, "पहिला वेढा असा. दुसरा वेढा पहिल्याला ओलांडून. आता टोक या वेढ्याच्या खालून." सातवीतला एक बारका पोट्टा पुढे बसला होता, त्याच्या घरी बकऱ्या. तो म्हणाला, "सर, हे तं खुट्याची गाठ हाय." आणि उठून त्यानं ती एका हातानं बांधली. दुसऱ्या हातात त्याच्या अर्धा पेरू होता. दोन आढ्या अंगठ्यावर घेतल्या, एकीवर दुसरी चढवली, बांबूवरून खाली सोडल्या, ओढल्या. तीन सेकंद.

मी म्हटलं, शाबास. तो म्हणाला, "पण ह्या गाठीनं बकरी बांधू नोका सर. ते खुट्याभवती फिरते, मंग गाठ ढिली होते अन् सुटते. वरून दोन फासे टाका लागते." मी शिक्षक आहे. विद्यार्थी बरोबर बोलला की पुस्तक उघडून बघायची सवय आहे. तीन पानांपुढे तेच होतं: एक वेढा आणि वर दोन हाफ हिच. हे त्यानं वाचलेलं नव्हतं. त्याच्या बकऱ्यांनी शिकवलं होतं, आणि बकऱ्या स्काउटच्या अभ्यासक्रमाचे टप्पे, म्हणजे सोपान-बिपान, मानत नाहीत. पुढच्या गाठी मी त्यालाच शिकवायला लावल्या आणि वहीत लिहिलं, 'करून शिका ही पद्धत वापरली.' कोणी करून शिकायचं, हे वहीत लिहायला जागा नव्हती.

संघपद्धती हा स्काउटचा कणा. सहा ते आठ मुलांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि मास्तरनं मध्ये पडायचं नाही. हे शेवटचं मास्तर जातीला फार जड जातं. संघनायक हा शब्द कागदावरच. तोंडी सगळे पेट्रोल लीडर म्हणतात. एका पोराचा बाप शाळेत येऊन विचारून गेला, "पोट्ट्याले पंपावर लावलं काय जी? पगार कोण घेऊन राह्यलं?"

संघांना नावं ठरवायची वेळ आली. पहिल्या शिबिरात बैल नावाचा संघ होता, लांडगे होते, डोमकावळे होते, हे मी सांगितलं. बैल आपल्याकडेच आहेत हे ऐकून पोरं खूश. मला वाटलं आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आहे, कोणीतरी वाघ घेईल. एका संघानं मोर घेतला, एकानं टिटवी, आणि तिसऱ्यानं रानडुक्कर.

"अरे, रानडुक्कर काहून?"

"सर, वाघ कोणं पाह्यला? डुक्कर रोज पाह्यतो." आणि नियमही माझाच सांगितलेला होता: ज्या प्राण्याच्या सवयी माहीत आहेत आणि ज्याचा आवाज हुबेहूब काढता येतो, तोच घ्यावा. मी आवाज काढून दाखवा म्हटलं. शाळेमागच्या तीन कुत्र्यांनी दाद दिली. नियमात बसत होतं. रानडुक्कर संघ मंजूर.

त्याचा जाच आधी दुसऱ्याच बाजूनं सुरू झाला. स्काउट प्राणिमात्रांचा मित्र असतो, हा नियम मी रोज म्हणून घेत होतो. दसऱ्याच्या सुमारास एक शेतकरी भर वर्गात आला. "मास्तर, पोट्ट्याले वावरात डुकरं हाकलाले पाठवलं, तं म्हणते गोटा मारत नाही, सरनं मना केलं. चार ओळी सोयाबीन गेलं माह्यं. तुमचा मित्र हाय तं तुमच्या घरी बांधा." मी गाठ कोणती बांधायची ते मनात आठवत होतो. बोललो नाही.

शिबिर नोव्हेंबरात घेतलं. एका रात्रीचं, शाळेच्याच मैदानात. ताडपत्रीचे तंबू. बिनभांड्यांचा स्वयंपाक हा एक विषय असतो, त्यावर मी तासभर व्याख्यान तयार केलं होतं. पोरांनी माझं प्रास्ताविक संपायच्या आत पळसाच्या पानांवर कणीक मळली, गोवऱ्यांचा जगरा पेटवला, आणि निखाऱ्यात रोडगे अन् वांगी पुरली. एवढंच विचारलं, "सर, मिरच्या भाजल्या तं चालते काय, का तेही पुस्तकात पाहा लागते?" जेवण असं झालं, की पुढचं व्याख्यान मला स्वतःलाच आठवेना.

मग रात्रीचा खेळ. तिन्ही संघांनी अंधारात पांगायचं आणि आपापल्या आवाजावरून एकत्र यायचं. खेळ पुस्तकातला, निर्दोष. फक्त पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात तूर छातीएवढी झालेली नव्हती आणि लोक जागलीला बसलेले नव्हते. रानडुक्कर संघ नाल्यापलीकडे गेला, तुरीच्या धुऱ्यावर दबा धरून बसला, आणि माझ्या इशाऱ्यावर आठ जणांनी एकसाथ आवाज काढला. तो आवाज मी अजून विसरलो नाही. चांगला कळप होता.

एका मचाणावर टॉर्च लागला. मग दुसऱ्या. कोणीतरी टिनाचा डबा बडवायला घेतला, कुत्रे सुटले, आणि एक सुतळी बॉम्ब फुटला. मी धोक्याची शिट्टी वाजवली, लहान-लांब, लहान-लांब. पण डब्याच्या आवाजात ती मलाही ऐकू येत नव्हती. मास्तरनं मध्ये पडू नये, हा नियम त्या रात्री मी पाळला, कारण धावता धावता मी नाल्यात पडलो होतो. तिथून ऐकलं. रानडुक्कर संघाच्या नायकानं सगळ्यांना आधी जमिनीवर पालथं झोपवलं आणि मग एकटाच उभा राहून ओरडला,

"ओ काका! फटाके मारू नोका! आम्ही शाळंतले डुकरं होय!"

क्षणभर शांतता. मग मचाणावरून उत्तर आलं, "मंग शाळंतच राहा नं बे!"

आठही मोजून परत आले. एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. गणवेशाला तेवढी चिपडी चिकटली होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया मला पाहिलं की पदर तोंडाला लावत होत्या, तो लाजेनं नाही.

यानंतर वेचणी जोरात सुरू झाली. नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्याकडे वर्गात पोरं शोधावी लागतात, ती सगळी कपाशीत असतात. साप्ताहिक सभा बंद पडली. मीही फार पाठपुरावा केला नाही. नाल्यात मुरगळलेला पाय कारणाला होता. आणि जानेवारीत एका गुरुवारी दुपारी चारला निरोप आला: उद्या साहेब पथकाची तपासणी करतील, लॉगबुक तयार ठेवावे.

लॉगबुक म्हणजे प्रत्येक सभेची नोंद. आमचं सप्टेंबरपासून कोरं. रात्री मी त्याच डुकरांच्या नायकाला घरी बोलावलं. अक्षर चांगलं त्याचं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. खरं वाटावं म्हणून मी तीन रंगांचे पेन बदलून दिले, उपस्थिती कुठे २२, कुठे २३ टाकली, एका पानावर चहाचा थेंबही पाडला. एवढी कल्पकता मी दुसऱ्या कुठल्याच उपक्रमात दाखवली नाही. मध्येच तो थांबला. "सर, ह्या दिवशी तं पोळा होता. पोळ्याले कोण येते शाळंत?" मी म्हटलं, लिही, स्काउट बैलांचा मित्र असतो म्हणून विशेष सभा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.

साहेब दहा वाजता आले. माणूस शांत, डोळ्यावर चष्मा, बोटानं ओळ धरून वाचणारा. गाठी पाहिल्या, खूश. सलामी पाहिली, खूश. लॉगबुक उघडलं, चहाच्या थेंबावरून बोट फिरवलं, आणि डुकरांच्या नायकाला जवळ बोलावलं.

"स्काउटचा पहिला नियम?"

पोरगं टाच जुळवून उभं. "स्काउट विश्वसनीय असतो."

"मग सांग. पोळ्याच्या दिवशी सभा झाली?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. वर पंख्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

"नाही झाली साहेब. वेचणीतही एक नाही झाली. काल रातीले सरच्या घरी बसून लिवलं. पेन तीन होते. चहा सरच्या बाईनं देल्ला, थेंब सरनं पाडला."

साहेबांनी लॉगबुक मिटलं. बराच वेळ त्या पोराकडे पाहिलं, मग डावा हात पुढे केला. पोरानं डावा हात दिला, पद्धतशीर, करंगळी सोडून. मीही सवयीनं डावा हात पुढे केला.

मला त्यांनी लांबूनच नमस्कार केला.