तीन पावलांवरचा इतिहास (गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर)

गुरुजी, नमस्कार.

चौथीच्या मुलांना जवळच्या कोकण रेल्वेपासून इतिहास शिकवावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की 1998 ला पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेला वारसा कसलं म्हणायचं? दाखवायचीच तर 1853 ची बोरीबंदर-ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी दाखवा, आणि चौथीच्या मुलांचा शिवछत्रपतींच्या इतिहासाचा वेळ गाडी बघण्यात घालवू नका; शिवाय मुलांना रेल्वेपाशी नेणं सुरक्षितही नाही. नुसती गाडी बघून, खाऊ खाऊन परत येणं म्हणजे सहलच, याबाबत माझा वाद नाही. बाकीचं मात्र मला पटलेलं नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'साडेतीनशे वर्षांपूर्वी' म्हणजे नुसतं 'खूप आधी' वाटतं. म्हणून आम्ही पटांगणात दहा वर्षांना एक पाऊल टाकत मागे जातो. कोकण रेल्वे तीन पावलांच्या आतच येते. बोरीबंदरची गाडी सतराव्या पावलाला. 1674 चा राज्याभिषेक पस्तिसाव्याला, पार कुंपणापाशी! शिवकाल किती लांबचा, हे मूल स्वतः चालून बघतं. यात महाराजांचा वेळ कुठे गेला?

शिवाय पहिल्या काही पावलांचे साक्षीदार घरातच बसलेत. मुलांना मी एकच प्रश्न देऊन घरी पाठवते: रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईला कसे जायचात? एकीच्या आजीने सांगितलं, मुसाकाजी बंदरात पडावात, म्हणजे छोट्या होडीत, बसायचं, बाहेर खोल पाण्यात उभी असलेली बोट गाठायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात बोट बंद. दुसऱ्याचे आजोबा म्हणाले, छे, आम्ही रात्रभर एसटीनेच जायचो. वर्गात जुंपली, खरं कोणाचं? शेवटी एका मुलीनेच विचारलं, "बाई, आजी आधी गेली असेल आणि आजोबा नंतर?" पुराव्याला प्रश्न विचारणं म्हणतात ते हेच, आणि ते कुठल्याही धड्याच्या स्वाध्यायात इतक्या सहज होत नाही.

मग पुढचं आपोआप येतं. कोकणचे खासदार नाथ पै, मधु दंडवते यांनी संसदेत लावून धरलेली मागणी, 1990 ला स्थापन झालेलं कोकण रेल्वे महामंडळ, त्याचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली डोंगर फोडून झालेलं काम, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, पानवलचा 64 मीटर उंच पूल. आणि हे बांधताना जीव गमावलेली माणसं. त्यांच्यासाठी रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक आहे. इतिहास राबणाऱ्यांचाही असतो, हे चौथीत कळलं तर लवकर झालं असं मला वाटत नाही. ज्यांच्या बागा, शेतं रुळाखाली गेली, त्यांची नातवंडंही याच वर्गात असतात. त्यांच्या घरची गोष्ट वेगळी निघते आणि तीही ऐकायची असते.

राहिला सुरक्षेचा मुद्दा. रुळांवर मुलांना कधीच नेत नाही. स्टेशन मास्तरांना आधी विचारून फलाटावरच, पालक सोबत घेऊन. स्टेशन लांब असलेल्या शाळांनी जाऊच नये. पटांगण आणि घरची म्हातारी माणसं तेवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं.