रेकमेंडेड म्हणे, डोंबल रेकमेंडेड!

काल संध्याकाळी कम्प्युटर बंद केला तेव्हा तो ठणठणीत होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण आज सकाळपासून ज्याला ज्याला विचारलं त्याने पहिला प्रश्न हाच टाकला की तू काय केलंस? अरे मी काही नाही केलं! बंद करायला गेले तर तिथे 'अपडेट करून बंद करा' असं लिहिलेलं होतं, म्हटलं कर बाबा तुझं काय असेल ते, आणि झोपले. एवढाच माझा गुन्हा.

सकाळी चालू केला तर स्क्रीन सुजलेली. दुसरा शब्दच नाही. आयकॉन एवढे मोठे की खोलीच्या दारातून वाचता यावेत, अक्षरं जाडी, आडवी पसरलेली, कडांना धुरकट, जणू कोणीतरी ओल्या बोटाने पुसलीयेत. आणि मी वॉलपेपरला एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो लावलाय, छान गोल घड्याळ, त्याचं अंडं झालेलं. आडवं अंडं. दुपारी बाराच्या आत मला एक मोठी शीट पूर्ण करून पाठवायची होती आणि इथे माझ्यासमोर अंडं.

बरं, सेटिंगमध्ये गेले. डिस्प्ले रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे किती ठिपके आणि उभे किती, तिथे लिहिलंय १०२४ बाय ७६८ आणि पुढे कंसात रेकमेंडेड. कोणी केलं रे रेकमेंड? माझा मॉनिटर २४ इंची फुल एचडी आहे, १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, आणि हा शहाणा म्हणतो तुम्ही ७ लाख ८६ हजार ४३२ वापरा, तेच तुमच्यासाठी उत्तम. निम्मेसुद्धा नाहीत! १०२४ बाय ७६८ हे चौकोनी डबा मॉनिटरच्या जमान्यातलं माप, लांबी-रुंदीचं प्रमाण ४ ला ३. माझा मॉनिटर १६ ला ९. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या चौकटीत ताणून बसवलं की गोलाचं अंडं होणारच, त्यात घड्याळाचा काय दोष.

आणि धुरकट का दिसतं तेही सांगते, कारण मला भलत्याच लोकांनी डोळे तपासायला सांगितलं. जुन्या काचेच्या मॉनिटरला बरीच मापं चालायची, तो निमूट तेवढं चित्र काढायचा. हल्लीच्या सपाट मॉनिटरमध्ये ठिपके कारखान्यातच ठोकून बसवलेले असतात, १९२० उभ्या रांगा म्हणजे १९२०च. आता त्याला १०२४ रांगांचं चित्र दिलं की एका ठिपक्याने आडवी १.८७५ घरं भरायची. पावणेदोनाच्या वर थोडं! मग तो शेजारच्या घरात अर्धवट रंग सांडतो आणि आपण चष्मा पुसत बसतो.

तर म्हटलं यादी उघडू, त्यातून बरोबर माप निवडू, संपला विषय. यादीत दोनच नग. १०२४ बाय ७६८, आणि ८०० बाय ६००. वा! निवडा, निवडा, मनसोक्त निवडा. आणि मी मूर्खासारखं ते ८०० वालं निवडून बघितलं, का तर कुठेतरी ऐकलं होतं की एकदा बदलून परत आणलं की गाडी रुळावर येते. नाही येत. त्यात सेटिंगची खिडकीच एवढी मोठी झाली की तिचा खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर गेला, आणि ते ओकेचं बटण कुठे असतं? खालीच असतं! म्हणजे रिझोल्यूशन सुधारायला जे बटण दाबायचं ते बटण रिझोल्यूशन सुधारल्याशिवाय दिसणार नाही. हे डिझाइन करणाऱ्याला एकदा समोर बसवून ८०० बाय ६०० वर दिवसभर काम करायला लावलं पाहिजे. शेवटी अंदाजाने टॅब टॅब टॅब एंटर केलं. दोनदा चुकून कॅन्सल झालं.

मग भाच्याला फोन. तो बिचारा कॉलेजला निघाला होता.

"मावशी, केबल नीट लावलीयेस का?"

"अरे काल संध्याकाळपर्यंत चालत होतं, रात्रीत केबल उठून फिरायला गेली का?"

"तरी एकदा काढून लाव ना, मॉनिटर ओळखला जात नसेल."

आता त्याचं अगदीच चूक नव्हतं, हे नंतर कळलं. मॉनिटर केबलमधून कम्प्युटरला एक छोटी चिठ्ठी देतो, मी अमुक, मला ही ही मापं चालतात. ईडीआयडी म्हणतात तिला, १९९४ सालापासूनची पद्धत आहे, मूळची चिठ्ठी जेमतेम १२८ बाइटची. ती वाचता आली नाही की कम्प्युटर घाबरून कुठल्याही मॉनिटरला झेपेल असं एखादं गरीब माप धरतो. केबलचा एखादा पिन वाकला असेल तर असं होतं खरं. पण माझी केबल बरी होती हो, अपडेट रात्री झालं आणि बिघाड सकाळी दिसला तर संशय कोणावर घ्यायचा? रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तरी ऐकलं. टेबलाखाली शिरले, मागच्या धुळीत हात घातला, केबल काढली, लावली. वर येऊन बघते तर स्क्रीन काळी ठार आणि मध्ये 'नो सिग्नल' असं एक डबडं इकडून तिकडे तरंगतंय. मग अर्धा तास बोंबाबोंब. रीस्टार्ट, मॉनिटर बंद-चालू, पुन्हा रीस्टार्ट, शिव्या. शेवटी कळलं की मागे एकसारख्या दिसणाऱ्या दोन जागा असतात, वरची मदरबोर्डची म्हणजे कम्प्युटरच्या मुख्य पाटीची, आणि खालची ग्राफिक्स कार्डाची म्हणजे चित्र काढणाऱ्या वेगळ्या पाटीची, आणि मी अंधारात चाचपडत वरच्या जागेत खुपसली होती. हा गाढवपणा माझा, मान्य. पण मला टेबलाखाली कोणी घातलं? अपडेटनेच ना!

केबल खालच्या जागी लावली, पुन्हा तेच अंडं. आनंद झाला, खोटं का बोलू. अंडं तर अंडं, दिसतंय तरी!

तोवर भाच्याचा मेसेज आला की डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्लेच्या खाली काय नाव आहे ते बघ. तिथे माझ्या कार्डाचं नावच नाही! नुसतं 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. म्हणजे झालं काय, तर अपडेटने माझा चालता-बोलता ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम, उचलून बाहेर काढला, नवीन बसवायचा प्रयत्न केला असेल नसेल देव जाणे, आणि शेवटी एक बदली कामगार बसवून पळून गेला. हा बेसिकवाला फक्त चित्र दिसावं एवढ्यापुरता असतो, कार्डाची ताकद त्याला वापरता येत नाही, सुरू होताना जे माप मिळालं तेच धरून बसतो. म्हणून यादीत दोन नग.

इथे माझं डोकं खरं फिरलं. बिघडतं, यंत्र आहे, बिघडू दे ना. पण बिघडवलंस तर सांग की बाबा! सकाळी चालू केल्यावर काय दाखवलं मला? 'सगळं तयार आहे, तुमचा कम्प्युटर आता अद्ययावत आहे.' एक ओळ टाकायला काय झालं होतं की तुमच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसला नाही, तात्पुरता दुसरा लावलाय, खरा इथून घ्या. संपलं असतं वीस मिनिटांत. त्याला माहीत होतं! त्यानेच तर बदलला! माहीत असून वर तोंड करून १०२४ ला रेकमेंडेड म्हणतो. दुसरं बरोबर मापच जवळ नाही हे कबूल करायचं सोडून मला सल्ले देतो.

मग म्हटलं त्यालाच विचारू, अपडेट ड्रायव्हर दाबलं. दोन मिनिटं ती पट्टी डावीकडून उजवीकडे धावली आणि उत्तर आलं की तुमच्या उपकरणासाठी सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. सर्वोत्तम!! जुना परत आण म्हणावं तर त्यासाठीचं रोल बॅकचं बटण करडं, दाबताच येत नाही, कारण परत जायला मागचं काही ठेवलेलंच नाही. घराचा जिना काढून न्यायचा आणि वर सांगायचं की उतरायची सोय उपलब्ध नाही.

मध्ये ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, अजून काही अपडेट बाकी आहेत का बघा, कधीकधी त्याने सुटतं. अहो भीक नको पण कुत्रा आवर अशी वेळ आलीये माझ्यावर आणि तुम्ही अजून एक कुत्रा सोडताय. दुसरा म्हणाला फॉरमॅट मार. यांना सर्दी झाली तरी फॉरमॅट मारतील.

शेवटी कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून स्वतःच ड्रायव्हर उतरवायचा ठरवलं. तिथे पहिला प्रश्न, तुमच्या कार्डाचं मॉडेल कोणतं. आता मला कसं माहीत? कम्प्युटर घेतला तेव्हा खोका कधीच गेला रद्दीत, आणि ज्या यंत्राच्या पोटात ते कार्ड बसलंय ते यंत्र म्हणतंय बेसिक. मग भाच्याने पुन्हा मार्ग काढला: त्या बेसिकवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी, त्यात चार अक्षरी कोड बनवणाऱ्याचा आणि चार अक्षरी कोड कार्डाचा, ते दोन्ही शोधले की मॉडेल सापडतं. सापडलं. म्हणजे बघा, कम्प्युटरला आत कोणतं कार्ड आहे ते आकड्यात पक्कं ठाऊक होतं, फक्त मला मराठीत नको, इंग्रजीत नको, कुठल्याच माणसाच्या भाषेत सांगायचं नव्हतं.

काहीशे एमबीची फाइल. उतरली. इन्स्टॉलरची खिडकी स्क्रीनपेक्षा मोठी, अर्थातच. त्यात त्याला मला गेम खेळायचे सल्ले द्यायचेत, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर द्यायचंय, खातं उघडायला लावायचंय. बाई, मला शीटचे कॉलम बघायचेत गं, नेहमी वीस दिसायचे ते आता नऊ दिसतायत, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. सगळ्या टिका काढल्या, नुसता ड्रायव्हर ठेवला. मधेच स्क्रीन काळी झाली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जास्तच वेळ काळी राहिली तेव्हा मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

आणि आलं! घड्याळ गोल!

पण थांबा. कडा कापलेल्या. खालची टास्कबार अर्धीच दिसतेय, बाराला किती कमी आहेत ते सांगणारे आकडे स्क्रीनच्या बाहेर. मॉनिटरला आता वाटायला लागलं होतं की आपण टीव्ही आहोत. हे ओव्हरस्कॅन नावाचं भूत, जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायचे, त्या टीव्ही भंगारात गेल्या तरी ही खोड एचडीएमआयमधून अजून येतेच. त्याचं बटण सेटिंगमध्ये नाही, मॉनिटरच्याच खालच्या अंगाला ती चार न दिसणारी बटणं असतात त्यातल्या मेनूत. मेनू उघडायला जावं तर बंदचं बटण दाबलं जातं. तीनदा. ते झाल्यावर स्केलिंग, म्हणजे अक्षरं-आयकॉन किती मोठे दाखवायचे ते, आपोआप १५० टक्क्यांवर जाऊन बसलेलं, ते १०० वर आणलं. ते मात्र लगेच झालं, नजर लागायला नको.

या सगळ्यात पावणेदोन वाजले. बाराची शीट दोनला गेली, वर माफीचा मेल, त्यात कारण काय लिहायचं हेच सुचेना, 'स्क्रीन सुजली होती' असं थोडंच लिहिणार. तांत्रिक अडचण असं लिहिलं. सगळे तेच लिहितात आणि कोणाचाच कोणावर विश्वास बसत नाही.

आणि एक गोष्ट राहिली जिच्यासाठी मी त्या अपडेटला कधी माफ करणार नाही. माझे डेस्कटॉपवरचे आयकॉन. सात वर्षं लागलीयेत मला ते लावायला. उजवीकडे खाली चालू काम, वर झालेलं काम, मध्ये मोकळी जागा म्हणजे घड्याळ दिसतं, आणि डाव्या कोपऱ्यात जे बघायचं नाही पण टाकवतही नाही ते. स्क्रीन लहान झाली तेव्हा मावत नाही म्हणून सगळे ढकलत ढकलत डावीकडे कोंबले गेले, आणि स्क्रीन पुन्हा मोठी झाली तरी कोणीही आपापल्या घरी परत गेलं नाही. चालू काम आता डावीकडे तिसऱ्या रांगेत आहे, न्यू फोल्डर ४ आणि न्यू फोल्डर ७ च्या मध्ये. ५ आणि ६ कुठेयत माहीत नाही.

ते उद्या लावेन. आज फक्त एक कागद फाडून मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय, त्यावर कार्डाचं मॉडेल, ड्रायव्हरचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरात, केबल खालच्या जागेत.