शुल्कमाफी झाली, पण जेवणाचे काय?

महाराष्ट्रात 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाल्यामुळे ‘आता पैशाअभावी कोणतीही मुलगी शिक्षणापासून वंचित राहणार नाही’, हे या शुल्कमाफीवरील एका लेखातील विधान मला पटले नाही. निर्णय निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणारी मुलगी शुल्कापेक्षा खोलीभाडे, मेस आणि कागदपत्रे यांपाशी अडते, हे मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना वर्षानुवर्षे पाहिले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि आधार कार्डावरील नावात एका अक्षराचा फरक होता. त्या एका अक्षरासाठी तिच्या वडिलांनी ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असतानाही चार दिवस मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घातल्या आणि प्रत्येक खेपेला खताच्या पिशवीत गुंडाळलेले तेच कागद पुन्हा पुढे ठेवले.

तिला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, पण शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही आणि दिवाळीनंतर तिने रात्रीची मेस बंद केली, हे मला फार उशिरा कळले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यांतील मुलांसाठी शाळांच्या जोडीने वसतिगृहे उभारली, कारण राहण्या-जेवण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे हे त्यांनी ओळखले होते. राहण्या-जेवण्यासाठी शासनाकडून मिळणारा निर्वाहभत्ता सत्राच्या शेवटी न देता पहिल्याच महिन्यात खात्यात जमा व्हावा आणि प्रत्येक महाविद्यालयात अर्ज भरून देणारा एक तरी जबाबदार माणूस असावा, एवढे तरी लेखात यायला हवे होते.